स्पेशियस हॉलमधली पंगत

फ्लॅट खुशाल घ्या, पण बघायला वडिलांना नेऊ नका. मी नेलं होतं. केडगावातला सँपल फ्लॅट, सोफा आणि टीव्ही युनिट मांडून सजवलेला. एजंट दर वाक्याला म्हणायचा, "बघा सर, किती स्पेशियस!" हॉल स्पेशियस, किचन स्पेशियस, संडाससुद्धा स्पेशियस. मी आणि बायको माना डोलावत होतो.

दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला विचारलं, "स्पेशियस म्हंजी काय रं?"

"ऐसपैस, दादा."

"मंग बघू की." त्यांनी चपला काढल्या आणि सोफ्याला पाठ लावून खाली मांडी घातली. "ये, बस शेजारी. तुमी दोघं समोर बसा."

बायको बसली. एजंटही टाइट पँट सावरत टीव्हीखाली बसला. चौघांचे गुडघे एकमेकांना टेकले.

"आता सांगा सायेब, ताटं कुठं मांडायची? आन् वाढपी कुठून जानार?"

"काका, हल्ली पंगत कोण घालतं? सगळे बुफेच करतात."

"म्हंजी उभ्यानं जेवायचं?"

"हो ना!"

दादा उठले आणि चपला घालायला लागले. मी मात्र तिथंच फ्लॅट बुक केला. लाज वाटली होती ना, एजंटसमोर!

परवा दादा पहिल्यांदाच राहायला आले. बायकोनं जेवण वाढलं, तर ताट हातात घेऊन भिंतीला टेकून उभेच.

"दादा, बसा ना."

"नगं," घास घेत म्हणाले, "घर लई स्पेशियस हाय."