पडून गेलेल्या विजेचं मोजमाप

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच माननीय साहेबराव पाटील, शाळेचे मुख्याध्यापक राधेश्याम सर, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण हातातली कामं टाकून आलो त्या विज्ञानाच्या शिक्षिका प्रियदर्शनी साळवे बाई, आणि समोर बसलेल्या माता-भगिनींनो आणि बंधूंनो!

मी कारभारी. शाळेच्या फाटकापासून ऐंशी पावलांवर माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शिक्षण नववी. पुढचं सगळं पुस्तकं आणून आणि जळालेल्या मोटारी उघडून शिकलो. कुणी शिकवलं नाही, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगत आलो. आज त्यात थोडी दुरुस्ती करायची आहे.

बाईंनी चार वर्षांपूर्वी एक प्रथा सुरू केली, ती तुम्हाला माहीत आहेच. पहिला गडगडाट ऐकू आला की शाळेची घंटा वाजायची. रविवार असो की दिवाळीची सुट्टी, बाई शेजारीच राहायच्या, त्या येऊन वाजवायच्या. घंटा झाली की शिवारातल्या बायांनी काम सोडून शाळेच्या पक्क्या खोलीत यायचं.

तीन वर्षांपूर्वी, चौदा ऑक्टोबरला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझ्या शेतात कापून रचलेल्या सोयाबीनच्या ढिगाची सुडी उघडी होती. उषाबाईंची सात जणींची टोळी ताडपत्री ओढत होती. भोकरदनच्या बाजूला वीज चमकली. मी घड्याळ धरलं. तेहतीस सेकंदांनी आवाज आला. आवाजाला एका किलोमीटरला तीन सेकंद लागतात, म्हणजे अकरा किलोमीटर. डोक्यावर लख्ख ऊन. मी म्हणालो, लई वेळ आहे, बिनधास्त झाका. तेवढ्यात घंटा वाजली आणि सातही जणी ताडपत्री टाकून निघून गेल्या. अर्ध्या तासानं पाऊस आला, सुडी भिजली. वीज मात्र शेतात पडली नाही.

मी तणतणत शाळेत गेलो. बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "कारभारीभाऊ, तुमचं मोजमाप बरोबर आहे. पण ते पडून गेलेल्या विजेचं आहे. पुढची कुठून निघेल, ते घड्याळात कुठं दिसतं?"

मग त्यांनी फळ्यावर ढग काढला. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते, थंड होते, ढग होतो. पण हा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच वाढतो. आत बर्फाचे बारीक कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळत राहतात. हलके कण धन भार घेऊन माथ्याला जातात, जड गारा ऋण भार घेऊन खाली राहतात. हा ताण वाढत वाढत इतका होतो की वीज अडवणारी हवा दम सोडते. मोटारीच्या तारेवर वार्निश कमी पडलं की कॉइल फुटते ना, तसंच! खालून झाड, खांब, उभा माणूस, जे उंच असेल ते वर हात केल्यासारखा भार पाठवतं. ढगातून उतरणारं आणि खालून चढणारं, दोन्ही टोकं भेटली की लखलखाट. त्या वाटेवरची हवा सूर्याच्या पृष्ठभागाहून कितीतरी जास्त तापते, एकदम फुगते, तोच गडगडाट. आणि ढगाचा माथा ऐरणीसारखा पुढे पसरलेला असतो. तिथून निघालेली वीज दहा-पंधरा किलोमीटर आडवी जाऊन उन्हात उभ्या माणसावरही पडते. म्हणून आवाज कानावर आला, तर आपण तिच्या टप्प्यात आलो.

मला सगळं समजलं. पटलंही. पण नववी शिकलेल्या माणसाचं मोजमाप बाईंनी अपुरं ठरवलं, हे सहन झालं नाही. मी तेव्हाच्या मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला. ढग डोक्यावर आल्याशिवाय घंटा वाजवू नये, कामाची खोटी होते. अर्जावर सही एकट्याची, माझी. बाईंना तसा लेखी आदेश निघाला. हे आजवर तिघांनाच माहीत होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा सोयाबीन, पुन्हा ऊन. आवाज आला छत्तीस सेकंदांनी. घंटा गप्प. उषाबाईंनी विळा खाली ठेवला. मी हसून विचारलं, घंटी कुठं वाजली? त्या म्हणाल्या, "न्हाई वाजली त न्हाई वाजली. आवाज आला ना मला? मंग मी चालले."

टोळी शाळेत पोचली आणि आवाजानंतर नवव्या मिनिटाला वीज पडून बांधावरची बाभूळ उभी चिरली. त्याच बाभळीखाली सातही जणी रोज भाकरी खायच्या. तिथं राहिलेल्या त्यांच्या मातीच्या घागरीचे तुकडे मी नंतर गोळा केले. मी साठ पावलांवर होतो. डावा कान त्या दिवसापासून गेला.

संध्याकाळी गाव काय म्हणालं? बाईंनी घंटा का नाही वाजवली? नोकरी संपत आली की असंच असतं. बाई पारासमोरून मान खाली घालून गेल्या. आदेशाचा कागद त्यांच्या कपाटात होता, तो काढला असता तर माझं नाव निघालं असतं. त्यांनी तो काढला नाही. मी पारावरच बसलो होतो. मीही बोललो नाही. एक वर्ष, अकरा महिने नाही बोललो.

आज बोललो. घंटा माझ्यामुळे वाजली नाही.

अध्यक्षमहोदय, हा माझा नवा अर्ज आपल्या हाती देतो. जुना रद्द समजावा. उद्या बाई लेकीकडे बदनापूरला जातील. उद्यापासून पहिला आवाज आला की घंटा मी वाजवीन, सुट्टी असली तरी. शेवटचा गडगडाट होऊन तीस मिनिटं झाल्याशिवाय कुणाला शेतात सोडणार नाही. उषाबाईंनी मघाशी विचारलं, "भाऊ, तुम्हाला ऐकू यील का?" उषाबाई, उजवा शाबूत आहे. आणि तुम्हाला आधी आलं, तर तुम्ही ओढा दोर.

संयोजकांनी बोलायला वेळ दिला, सभेनं शांतपणे ऐकलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते सभेनं पोटात घालावं. जुन्या अर्जाची माफी मात्र सभेकडे मागत नाही. ती द्यायची का, ते बाईंनी ठरवावं, आणि त्यांना हवा तेवढा वेळ घ्यावा. या वेळी मी सेकंद मोजणार नाही.