न चावणाऱ्या माश्या

तोंडाला जाळी कशाला, मॅडम? ठेवा ती पिशवीत — या चावत नाहीत. हे बघा, पेटीत हात घातला मी, काही केलं का? नाही. अगदी गरीब आहेत. भरा तुमच्या बाटल्या. आमच्या दादानंच फोन करून बोलावलं ना तुम्हाला? माहीत आहे मला. तो काय, वर खिडकीत बसलाय. पाय गेल्यापासून तिथेच असतो. 'आजोबांपासूनच्या काळ्या मधमाश्या, बाहेरचं रक्त नाही, तपासून घ्या' — असंच म्हणाला ना? म्हणणारच. जीव आहे त्याचा त्यांच्यावर.

काय? पिवळ्या? — हां, उन्हात पट्टे जरा पिवळे दिसतात. नाही... उन्हाचं नाही ते. तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही तर प्रयोगशाळेत त्यांचं कूळ काढणार. पण आधी या कोपऱ्यातल्या घ्या — काळ्या आहेत की नाही? आहेत. यांची राणी पिवळीच, पण इथे जन्मली, आणि राणीचं लग्न लागतं हवेत, नवरेही डझनभर. रानात काळ्यांचे नर अजून असतील कुठेतरी, त्यांच्या या लेकी. आई एक, बाप वेगळे. तर या तेवढ्याच भरल्या तर — नको. विसरा. काय बोलतोय मी, लाज वाटते माझी मलाच.

खरं सांगू? काळ्या मेल्या. दादा दवाखान्यात होता, पेट्या माझ्याकडे होत्या. भरलेल्या चौकटी बघून माझा हात आवरला नाही, सगळा मध काढला. दादा थंडीपुरता त्यांचा त्यांना ठेवायचा. तापट होत्या, पण शहाण्या — थंडी लागली की राणी अंडी घालायची थांबायची, थोडक्यात भागवायच्या. पण थोडकं तरी हवं ना? मी तेही ठेवलं नाही. झाकण उघडलं तर तळाला मुठी-मुठीनं पडलेल्या, काही तर पोळ्याच्या घरांत डोकं खुपसून — चाटायला गेलेल्या तशाच. मग या पिवळ्या बाहेरून आणल्या आणि त्याच पेट्यांत घातल्या. दादा घरी आला, खिडकीतून विचारलं, कशा आहेत? म्हटलं, मजेत. एवढ्या वरून रंग थोडाच दिसतो — पेट्या दिसतात, ये-जा दिसते, मी दिसतो. रोज सकाळी विचारतो, रोज सांगतो, मजेत. आणि यांना थंडीचं काही कळत नाही, भर थंडीत पिल्लं वाढवत बसतात. मी खिडकीकडे पाठ करून साखरेचं पाणी पाजतो.

काय म्हणालात? हो, काळ्यांना जाळी लागायचीच. दादासुद्धा जाळीशिवाय इकडे फिरकायचा नाही. माझं तर तोंड असं सुजायचं की घरातले ओळखायचे नाहीत. आणि आता बघा, उघड्या तोंडानं, बाह्या वर करून — रोज — त्याच्या खिडकीसमोर —

अरे देवा.

कळलंय त्याला. पहिल्याच दिवशी कळलं असणार. मग रोज का विचारतो? का विचारतो... मी सांगावं म्हणून. मी सांगेना, म्हणून तुम्हाला बोलावलंय.

वर बघू नका, मॅडम. हात करतोय का तो? — तुम्हाला नाही, मला करतोय. तुम्ही भरा बाटल्या, सगळ्या पेट्यांतल्या, निवडू नका. वर मात्र तुम्ही जाऊ नका, मी जातो. जातो जरा वेळानं. ती जाळी द्या इकडे. — चावत नाहीत, माहीत आहे मला. द्या.