भावाला बाहेर बसवायचं राहिलं

मी पेणजवळच्या खाडीकाठची, आमचं घर मिठागरावर राबणारं, आईबापाच्या टाचांच्या भेगा कधी बुजल्याच नायत, आणि मी झाले वकील. काय सांगू तुम्हाला, बापाला वाटलं आता पोरगी रोज कोर्टात उभी राहणार, पण नव्या वकिलाला विचारतंय कोण, बसायला टेबल नाय. तेव्हा आमच्या लॉ कॉलेजनं योजना काढली, वर्षभर रोह्यात खोली देतो, शिकवायला एक अनुभवी मॅडम देतो, वकिली तुमची तुम्ही उभी करा, बदल्यात दर शनिवारी गावात जाऊन फुकट सल्ला द्या. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, बाई आली की सोबतच्या माणसाला आधी बाहेर बसव. मी मान हलवली.

पहिला शनिवार खांब गावात. वेणूताई आली, नवऱ्यानं टाकलेली, माहेरच्या घरात राहणारी, सोबत थोरला भाऊ. तो म्हणाला, हक्कसोड करायचीय, बहीण घरावरचा हक्क सोडते. आमच्याकडं बहिणी सोडतातच, माझ्या आत्यांनीही सोडला, माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. आणि वडीलधारा माणूस बसलेला असताना त्याला ऊठ कसं म्हणायचं, माझी जीभच रेटली नाय. त्याच्यासमोरच विचारलं, ताई, राजीखुशीनं ना? तिनं तोंड उघडलं, भावाकडं पाहिलं, म्हणाली, दादा सांगतो तसं. मी कागद केला, नोंदणीही झाली. माझा पहिला कागद, केवढा आनंद झाला मला, आता सांगायला लाज वाटते.

पुढं भावानं तिला घराबाहेर काढलं. ती आता रोह्याजवळ वरसे गावात एका खोलीत राहते, धाटावला कंपनीत झाडू मारते. शिफ्टच्या बसमधून उतरताना दिसली की मी दुकानाच्या आडोशाला व्हायची. शेवटी गेले एकदा, पाया पडले, म्हटलं, ताई, केस टाकू, माझी चूक मी कोर्टात सांगते. तर म्हणाली, नको गो, भाऊ हाय, मेल्यावर खांद्याला तरी येल. तुझ्यावर राग नाय माझा. पन त्या दिवशी त्याला भायेर धाडून एकदा इचारायचंस गो, मी नकोच म्हननार होते.

वर्ष संपलं, योजना संपली, खोली मी स्वतः भाडं भरून ठेवली. शनिवारही सोडला नाय. भावांना, नवऱ्यांना बाहेर धाडते, दार लावते, मग विचारते. समोरची बाई बोलायला तोंड उघडते आणि मला वेणूताईच दिसते, दर खेपेला. बायका मोकळ्या होतात, जाताना म्हणतात, बाई, तुमचं भलं होवो. मी हात जोडते. तो आशीर्वाद तिचा हाय, माझ्याकडं चुकून येतो.