रविवारी विहारात ऐकलेला अल्बम

आनंदराज : ...तेच सांगतो, त्या स्टुडिओवाल्याला खामखा शिव्या देऊ नको, नरसिंग. सुमनबाईंचा आवाज गेलाय. गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर कुणाचा राहतो?

नरसिंग : गेला म्हणू नको. दबला म्हण. त्या नांदेडच्या पोरानं हलगीखाली दाबलाय तेव्हढा.

आनंदराज : दाबणारच. कमजोर आवाज हलगीआड लपवतात. मंडपात स्पीकर बांधून बांधून केस पिकले माझे, मला एवढं कळत नाही? तो पोरगा हुशार आहे. बाईंची अब्रू राखली त्यानं.

नरसिंग : अब्रू! विहारात सगळी वस्ती बसलेली, आन् बाई कुठं गाऊन राहिल्या ते हुडकायची पाळी आली. कोरसच्या पोरी पुढं, हलगी पुढं. बाई आपल्या दूर, हिरीत उतरल्यावानी.

आनंदराज : मग आजच ठरव. विहाराच्या वर्धापनदिनाचा बॅनर संध्याकाळी छापायला जाणार. "गायन : सुमनबाई" लिहायचं, का "सत्कारमूर्ती : सुमनबाई" लिहायचं? गायला नायगावच्या गीतांजलीला सांगू. पोरीचा आवाज दणदणीत आहे.

नरसिंग : सत्कारमूर्ती. शाल घ्या आन् गप बसा, असं मी बाईला कोणत्या तोंडानं सांगू? ऑपरेशनच्या मागून "आणखी एक करा आक्का" म्हणून माग लागनारा मीच.

प्रियदर्शनी : जयभीम मामा. जयभीम आनंदकाका. बाहेरपर्यंत ऐकू येतंय भांडण.

आनंदराज : जयभीम बेटा. ये, ये. कॉलेजला सुट्टी?

प्रियदर्शनी : प्रॅक्टिकल संपली. सकाळच्या गाडीनं आले नांदेडहून. मामा, सुमनबाईंचा अल्बम काय सुंदर झालाय! लोह्याला गाडी थांबली तेव्हा वाटलं, खाली उतरावं आणि त्यांच्या घरी जाऊन सांगावं.

नरसिंग : तू कुठं ऐकलास?

प्रियदर्शनी : गाडीत. कानात घालून.

नरसिंग : मोबाईलवर? आधी विहारात, सगळ्यांनी बसून, मंग घरी. आपली रीत माहीत न्हाई का तुला? वस्तीत एकच टेप होता तवापासून बाईचं नवं गाणं असंच ऐकतोत आपण. एकट्यानं कुणी ऐकलं न्हाई.

प्रियदर्शनी : माहीत आहे. पण रविवारी मी नांदेडला होते, आणि मला राहवलं नाही. चुकलं माझं. तुम्हाला कसा वाटला पण?

आनंदराज : संगीत झकास. बाई नाहीत त्यात.

प्रियदर्शनी : नाहीत म्हणजे?

नरसिंग : आवाजच न्हाई. तू लाडानं ऐकलंस म्हणून तुला ऐकू आला. बाई तुला लहानपणी मांडीवर घेऊन बसायच्या.

प्रियदर्शनी : मामा, लाडाचा काय संबंध? आवाज सगळ्यात पुढे आहे. जुन्यापेक्षा खालचा आहे, थोडा खरखरीत आहे, पण अगदी समोर बसून गातायत असा.

आनंदराज : समोर? अख्ख्या वस्तीनं ऐकलंय, बेटा. सगळ्यांचे कान खोटे?

प्रियदर्शनी : नाही. म्हणून तर विचारतेय. तुम्ही ऐकलेला आणि मी ऐकलेला अल्बम एकच का? त्या दिवशी नेमकं काय काय ऐकू आलं?

आनंदराज : हलगी एकदम साफ. कोरस साफ. बाईंचा नुसता घुमारा. शब्द एक कळेना.

प्रियदर्शनी : घुमारा आहे आणि शब्द नाहीत. विचित्र आहे. कमजोर आवाज असा नसतो. कमजोर आवाज बारीक ऐकू येतो, पण शब्द येतात. सेट कोणता होता?

आनंदराज : हा बघ, इथंच आहे. विहाराचा नवा मिक्सर. माझ्या हातानं लावला. आता सेटला नाव नको ठेवू हां. त्याच दिवशी याच सेटवर वंदना झाली, माईकवर. खणखणीत! मी त्याच वेळी सगळ्यांना सांगितलं, सेट ठीक आहे, म्हणजे खराबी अल्बममध्ये आहे.

नरसिंग : हाव. तसं म्हटला हा. मीबी मान डोलावली.

प्रियदर्शनी : माईक ठीक होता, एवढंच कळलं त्यातून. मोबाईल कशानं जोडला होता?

आनंदराज : ह्या वायरीनं. नवी आहे. इकडं बारीक पिन मोबाईलला, इकडं जाड पिन मिक्सरला. माईकच्याच शेजारच्या भोकात. गच्च बसते, हालत नाही.

प्रियदर्शनी : जाड पिनवर दोन काळ्या रेघा आहेत. म्हणजे आत दोन वेगळ्या वायरी.

आनंदराज : असतात. मग?

प्रियदर्शनी : काका... हसू नका. मला वाटतं, बाईंचा आवाज या मिक्सरनं खाल्ला.

नरसिंग : घ्या. एमएस्सीला गेली पोरगी.

प्रियदर्शनी : ऐका तर. मोबाईल दोन आवाज पाठवतो, डाव्या कानाचा आणि उजव्या कानाचा. हलगी एका बाजूला जास्त ठेवलेली असते, कोरस दोन्हीकडे पसरलेला असतो. गाणाऱ्याचा आवाज मात्र दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो मधून आल्यासारखा वाटतो. बरोबर?

आनंदराज : बरोबर.

प्रियदर्शनी : आता हे भोक आहे माईकसाठी. माईककडून दोन वायरी येतात. लांब वायरीत जी खरखर शिरते, ती दोन्ही वायरींत सारखीच शिरते. म्हणून मिक्सर काय करतो, एका वायरीतून दुसरी वजा करतो. जे दोन्हीकडे सारखं, ते गेलं. माईकचा आवाज मात्र शिल्लक राहतो, कारण तो दोन वायरींत उलटसुलट पाठवलेला असतो.

आनंदराज : थांब, थांब. आणि बाईंचा आवाज दोन्हीकडे सारखाच. म्हणजे यानं बाईंना खरखर समजून फेकून दिलं?

प्रियदर्शनी : हो. भोवतीचा घुमारा दोन बाजूंना थोडा वेगवेगळा असतो, म्हणून तेवढा उरला.

नरसिंग : पोरी, मला बरं वाटावं म्हणून रचून सांगून राहिलीस का?

प्रियदर्शनी : मग माझ्यावर विश्वास ठेवू नका. तपासून बघू. बाईंची जुनी गाणी आहेत ना मोबाईलवर, तुम्ही कॅसेटवरून उतरवलेली?

नरसिंग : हायेत की. पयल्या कॅसेटपासून.

प्रियदर्शनी : ती एकेरी आहेत. डावं-उजवं सगळं एकच. माझं म्हणणं खरं असेल, तर त्याच वायरीनं, त्याच भोकातून जुनं गाणं लावलं की काहीच ऐकू येणार नाही. हलगीसुद्धा नाही. ऐकू आलं, तर मी चुकले आणि तुम्ही बॅनर छापा.

आनंदराज : असं कसं होईल? त्यातला बाईंचा आवाज म्हणजे भिंत फोडणारा. लाव रे नरसिंग.

नरसिंग : पयल्या कॅसेटातलं लावलं.

आनंदराज : चालू कर की.

नरसिंग : चालूच हाय. हे बघ, मोबाईलवर सेकंद पळून राहिले.

आनंदराज : आवाज वाढव... अजून वाढव. पिन बसली नाही काय? बसलीय. अरे!

नरसिंग : नुसतं सूं वाजतंय.

आनंदराज : बाप रे. भिंत फोडणाऱ्या बाई पण गायब.

प्रियदर्शनी : तेव्हा तर ऑपरेशन झालेलं नव्हतं.

नरसिंग : आन्द्या.

आनंदराज : काही बोलू नको. माझ्या हातानं लावला, मी कबूल करतो. सगळ्यांच्या पुढं बाईंचा आवाज गेला म्हणून भाषण पण केलं मी. आता ह्याला इलाज काय, बेटा?

प्रियदर्शनी : मिक्सरच्या मागे लाल आणि पांढरं अशी दोन भोकं आहेत. मोबाईल तिथे जोडायचा. तशी वायर आहे?

आनंदराज : टीव्हीची असेल पिशवीत. ही घे. बारीक पिन मोबाईलला, लाल लालला, पांढरी पांढऱ्याला. झालं. आता नवा अल्बम लाव, नरसिंग. पहिलंच गाणं.

नरसिंग : पोरी, तू लाव.

(गाणं सुरू होतं.)

नरसिंग : थांबव.

प्रियदर्शनी : का? नीट येत नाहीये?

नरसिंग : न्हाई न्हाई. थांबवू नको. चालू दे.

आनंदराज : घोगरा झालाय पण.

नरसिंग : हाव, घोगरा हाय. लई घोगरा हाय. हाय तर खरं!

आनंदराज : वरचा सूर घेतच नाहीत बाई. पहिलं कसं, अंतऱ्याला उडी मारायच्या. आता जिन्यानं चढल्यासारखं एक एक पायरी.

नरसिंग : मंग? तुला कोण उडी मारू देतंय आता? नाल्यावरून उडी मार बघू तू.

आनंदराज : मी खोटं नाही सांगणार. पहिल्यासारखा नाही आवाज. पण आता म्हातारीचा वाटतो, आजाऱ्याचा नाही वाटत. आणि हलगी अजून पण जास्तच आहे. ते मी मागं घेत नाही.

प्रियदर्शनी : हलगीचं मलाही पटतं. थोडी कमी चालली असती.

आनंदराज : आणि हे ऐक. श्वास ऐकू येतो, प्रत्येक ओळीच्या आधी. तेवढा कापून टाकता येतो कॉम्प्युटरवर. तो पोरगा विसरला.

प्रियदर्शनी : मला नाही वाटत विसरला. काका, जुन्या गाण्यांतल्या ओळी आठवून बघा, केवढ्या लांब असायच्या. या गाण्यांत एकही लांब ओळ नाही. गाडीत मला हेच लक्षात आलं. बाईंनी श्वास पुरेल तेवढीच ओळ लिहिली आहे. श्वास कापला असता, तर ओळी उगाच तुटक वाटल्या असत्या.

नरसिंग : खरंच की रे. "पाटी पुसली, अक्षर उरलं." तिथं थांबतात. "आईनं बोटानं गिरवलं." परत थांबतात. मला वाटलं, मुद्दाम थांबतात, आपण मान हलवावी म्हणून.

आनंदराज : दोन्ही असेल. बाई पक्क्या आहेत. नरसिंग, बॅनरवाल्याला फोन लाव.

प्रियदर्शनी : आधी सुमनबाईंना लावा ना. त्यांना कुणी काही सांगितलंय का?

नरसिंग : रविवारपासून त्यांचे फोन येऊन राहिले. मी उचललेच न्हाईत. काय सांगणार होतो? आन् आपल्या वस्तीतल्या दीपमालानं त्याच राती त्यांना सांगितलं म्हणे, आवाज काही ऐकू आला न्हाई म्हणून.

आनंदराज : मग उचल मोबाईल! काय माणूस आहे हा. स्पीकरवर ठेव, मला माफी मागायची आहे.

नरसिंग : हॅलो... आक्का? जयभीम. नरसिंग बोलतोय लातूरहून.

सुमनबाई : जयभीम. घावला का आज मोबाईल?

नरसिंग : आक्का, ते जरा...

सुमनबाई : नको सांगू. दीपमाला बोलली मला. मला वाटतच होतं रे. डॉक्टर म्हणले व्हते, हळूहळू येईल. मी म्हणलं आला. घरात मला आल्यासारखा वाटायचा. बाहेर न्हाई आला, व्हय ना?

नरसिंग : आला, आक्का. आला! आमची वायर चुकली. आत्ता नीट लावून ऐकलं. ह्या आन्द्यानं चुकीच्या भोकात घातली व्हती.

आनंदराज : बाई, मी आनंदराज. माफ करा. सगळी गलती माझी.

सुमनबाई : उगं माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून दोघं मिळून बोलू नका. वायरीनं कुठं एकट्या माणसाचा आवाज जातो? बाकीचे सगळे ऐकू आले म्हणं.

प्रियदर्शनी : आजी, जयभीम. मी प्रियदर्शनी, नरसिंगमामाची भाची. तुमचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही वायरींत सारखाच होता. मिक्सरनं एकातून दुसरा वजा केला. बाकीचे सारखे नव्हते, म्हणून ते उरले. तुमची पहिली कॅसेटसुद्धा लावून बघितली आम्ही. तीही पूर्ण गप्प झाली.

सुमनबाई : पयली पण?

प्रियदर्शनी : पहिलीसुद्धा. सगळी.

सुमनबाई : तवा तर मी बिनामाईकची गायची.

नरसिंग : तेच तर, आक्का! रविवारी परत सगळ्यांना बसवतो विहारात. आन् वर्धापनदिनाला तुम्हीच गायचं. बॅनरवर तसंच छापून राहिलो.

आनंदराज : आणि बाई, राग मानू नका, हलगी थोडी कमी ठेवू.

सुमनबाई : मी त्या पोराला तेच म्हणत व्हते. ऐकंना. किती गाणी म्हणायची?

नरसिंग : तुमाला झेपतील तेवढी.

सुमनबाई : बरं. ठेव आता फोन, नरसिंग. दीपमालाचा फोन आला तवापासून बाजाच्या पेटीचं झाकण उघडलं न्हाई मी.