टॉरलेइफच्या इंजिनाचे नवे आटे

जबाब देणार: गुनवोर स्टाव्हनेस, वय ६१ वर्षे, धंदा होड्यांची इंजिने दुरुस्त करणे, राहणार धक्क्याजवळ, हेस्टवोग, सेन्या बेट, नॉर्वे.

मी समक्ष हजर होऊन सांगते की, वरील ठिकाणी माझे वर्कशॉप आहे. टॉरलेइफ ब्रेक्के, वय ७७, हा माझा शेजारी. त्याची बायको बोरघिल्ड वसंतात वारली. तेव्हापासून तो एकटा राहतो.

गेल्या आठवड्यात तो होडीच्या इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, कोटात गुंडाळून घेऊन आला. स्पार्क प्लग फार आवळल्याने भोकातले आटे पार गेले होते. प्लग नुसता फिरायचा, धरत नव्हता. सोबत त्याची मुलगी सिनोवे होती. ती म्हणाली, "गुनवोर, टाक ते भंगारात. मी बाबांना नवीन घेऊन देते." टॉरलेइफ म्हणाला, "नव्याचा आवाज मला कशाला हवाय?"

मी भोक मोठे केले, नवे आटे पाडले आणि त्यांत पोलादी तारेचे वेटोळे फिरवून बसवले. प्लग त्या वेटोळ्यात बसतो. टॉरलेइफ बाकावर बसून बघत होता.

"आता धरेल?"

"मूळच्याहून घट्ट."

"मूळच्याहून?" असे म्हणून तो बराच वेळ त्या भोकावर बोट फिरवत राहिला.

मंगळवारी सकाळी धुके होते. धक्का कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होते, ते कळत नव्हते. सिनोवे धावत आली. पोलिसांना तिने आधीच फोन केला होता.

"बाबा होडी घेऊन गेलेत, फोन घरीच टाकून! तुझं ते ठिगळ निघालं असणार!"

मी तिला गप्प राहून ऐकायला सांगितले. धुक्यात इंजिन चालू होते. आवाज जवळ यायचा, विरायचा, पुन्हा जवळ यायचा. ठोका चुकत नव्हता.

आम्ही दोघी माझ्या होडीतून आवाजाच्या मागे गेलो. टॉरलेइफची होडी एका खडकाभोवती सावकाश फिरत होती. आत कोणी नव्हते. सिनोवेने माझा दंड धरला. मी त्या होडीत चढून इंजिनाला हात घातला, तेवढ्यात खडकावरून हाक आली, "बंद करू नकोस गं."

टॉरलेइफ तिथे बसला होता. कपडे कोरडे होते. बूट काढून नीट शेजारी ठेवले होते.

"बाबा, इथे काय करताय?"

"तुझ्या आईकडे निघालो होतो गं. पण हे इंजिन थांबेचना. मग ऐकत बसलो."

तो खडकावर का उतरला, ते मी विचारलेले नाही. सिनोवेनेही माझ्यादेखत विचारले नाही. तिने स्वतःचे मोजे काढून त्याच्या पायांत घातले.

प्लग मी नंतर तपासला. घट्ट आहे.

परत येताना टॉरलेइफने विचारले, "घरी खायला काय आहे?"

सिनोवे म्हणाली, "काहीच नाही केलेलं."

"मग मी मासे तळतो. गुनवोर, तूही ये."

मी गेले. मासे थोडे करपले होते. आम्ही सगळे संपवले.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करते.

गुनवोर स्टाव्हनेस