झोपलेले गार्ड

मी महेश, मूळचा कराडचा. इथे परदेशात आलो ते कुकरीच्या कोर्सला, आणि पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळेपर्यंत कांदे चिरून चिरून असा वैतागलो की सरळ सिक्युरिटीत गेलो, तेव्हापासून ब्लॅकटाउनच्या एका मॉलमध्ये दारावर उभा आहे, म्हणजे होतो. शिफ्टला कधी डुलकी काढली नाही, हे मात्र लिहा तुम्ही.

मग किडनीत गाठ निघाली, ती काढली, तर फुप्फुसात डाग. डॉक्टरला विचारलं, माझी प्रतिकारशक्ती इतकी कमी कशी, मी तर धडधाकट माणूस. तो म्हणाला, मेट, इथे दोस्ताला असंच म्हणतात, कमी नाही, लढणाऱ्या पेशी भरपूर आहेत, पण तुझ्या रक्तातच काही घटक वाढलेत, ते त्यांना गप्प बसवतात, गाठ समोर असून त्या हलत नाहीत. काय सांगू तुम्हाला, कॅन्सरपेक्षा त्याचाच मला जास्त राग आला. म्हणजे गार्ड युनिफॉर्म घालून ड्युटीवर, आणि चोर समोरून चाललाय.

आईला यातलं काही कळवलं नव्हतं. अशक्तपणा आहे एवढंच म्हटलं, तर तिने परसातली गुळवेल वाळवून, कुटून पाठवायला घेतली, रोज फोनवर तेच, पावडर मिळाली की सकाळी अनशापोटी घे. इकडे डॉक्टरने बजावलेलं, औषध चालू असताना असलं काही घ्यायचं नाही. बायको, सुजाता, म्हणाली, किती दिवस खोटं बोलशील, सांगून टाक. सांगितलं. गाठ सांगितली, डाग सांगितला, झोपलेले गार्डही सांगितले.  आई म्हणाली, अरे मग उठव ना त्यांना, शाळेच्या वेळी तुला मी तोंडावर पाणी मारून उठवायचे, विसरलास?

ते उठवायचंच औषध आहे, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून. लागू पडेलच असं नाही, आणि पडलं तर गार्ड आपल्याच माणसांवरही धावून जातात म्हणे, मला अंगभर पुरळ आलंय, पोट बिघडणं तर रोजचंच. भीती वाटते, नाही कशाला म्हणू. पुढच्या आठवड्यात स्कॅन आहे.

पण सलाईन लावलं की आईचा फोन येतो, तिच्याकडे तेव्हा नुकतं उजाडत असतं. तब्येत विचारत नाही ती. म्हणते, फोन त्या सुईपाशी धर. मी धरतो, नर्सलाही आता सवय झालीय. आणि आई तिकडून ओरडते, उठा रे मेल्यांनो, उजाडलं, माझं पोर एकटं पडलंय तिथे.