सगळं कळतंय

डॉक्टरांच्या केबिनबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर एक बसड्रायव्हर आणि त्याची बायको बसली होती.

"आत गेल्यावर खरं काय ते सांगा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पायाला मुंग्या येतात, मध्येच गार पाणी ओघळल्यासारखं वाटतं."

"ते आधी व्हायचं. आता एकदम टकाटक."

"आणि ते बधिर झालेलं?"

"गेलं. माशी बसली तरी कळतं."

"काल तर म्हणालात, हा पाय दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतोय."

"झोपेत माणूस काहीही बरळतो. सोमवारपासून ड्यूटी लावून घेतलीय, आता उगाच खोडा घालू नकोस."

"क्लच दाबलेला कळेल?"

"अगं बाई, सगळं कळतंय!"

"मघापासून चिमटा काढतेय मी."

"कुठे?"